साखळीआडून आलेलं पाणी

ती घटना आठवली की आजही वाजत्या फोनकडे मी आधी संशयाने बघतो. तसा माझा स्वभावच संशयी. बायको म्हणते, "तुम्ही आरतीतही देवाकडे न बघता लोकांचे हात बघता." वडील साताऱ्याला हवालदार, मी न्यू जर्सीत डिटेक्टिव्ह, दुसरं काय होणार?

खबर एका मराठी बाईने ठाण्यात आणली. आमच्या हद्दीतल्या पार्सिपनी गावात मुलाकडे राहणाऱ्या एक विधवा काकू रोज तिच्याबरोबर फिरायला जायच्या. "त्यांनी अचानक वॉक कॅन्सल केला. फोन केला तर मला चक्क 'मॅडम' म्हणाल्या आणि कट केला. एरवी 'अगं बाई'शिवाय बोलत नाहीत!"

पहिला संशय साहजिकच मुलावर. त्याला बोलावून घेतलं. "आईचं ऑनलाइन पारायण चालू आहे, डिस्टर्ब करायचं नाही म्हणालीय," तो म्हणाला. त्याचे हात थरथरत होते. पण व्हिसावरच्या माणसाचे हात पोलिसासमोर थरथरतातच, गुन्हा असो वा नसो. त्याला ठाण्यात थांबायला सांगून मी एकटाच घरी गेलो.

दाराशेजारची खिडकी किलकिली होती. पोथीचा आवाज नव्हता. एक पुरुष दरडावत होता, "कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही!"

बेल वाजवली. काचेतून बॅज दाखवला, मराठीत बोललो. काकू आतून म्हणाल्या, "खोटे पोलीस दारात येतील, असं साहेबांनी बजावलंय मला. निघा तुम्ही."

चोराच्या उलट्या बोंबा! मी म्हणालो, "बरं, निघतो काकू. ऊन फार आहे, घोटभर पाणी मिळेल का?"

आत भांड्याचा आवाज झाला. मग साखळी न काढता दार चार बोटं उघडलं आणि फुलपात्र पुढे आलं. दारी आलेल्याला पाणी नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. दुसऱ्या हातात फोन होता, त्यात खाकी वर्दीतला माणूस.

"साहेब, तुमच्या ठाण्यात आज ठाणे अंमलदार कोण आहे?" मी त्याला विचारलं. कुठलाही शिपाई झोपेतही सांगेल. तो "काय?" म्हणाला आणि स्क्रीन काळी झाली.

काकू दाराआडूनच म्हणाल्या, "माझ्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत म्हणे, सुटायचं तर पैसे भरा म्हणतात. कुणाला बोलले तर मुलाचा व्हिसा रद्द करून त्याला बेड्या घालून परत पाठवतील. मी बोलले हो तुमच्याशी. आता पाठवतील का त्याला?"

"कोणी कुठे पाठवत नाही, काकू," मी म्हणालो.

तपासात निघालं ते असं: वर्दी मुंबईची, फोन तिसऱ्या देशातला, सर्व्हर चौथ्यातला. हद्दीवरून दोन ठाण्यांची जुंपते हे वडिलांकडून ऐकलं होतं. इथे देशच एकमेकांकडे बोट दाखवत बसले. पत्रव्यवहार खूप झाला, आरोपी सापडला नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही. एवढं मात्र शिकलो की, परक्या मुलुखात माणूस कशाला भितो हे कळलं की चोराला त्याच्या घरात शिरावंही लागत नाही.

निवृत्तीनंतर परवा त्या घरावरून गेलो. पायरीवर टोपलीत पाण्याच्या बाटल्या होत्या, कुरियरवाल्यांसाठी. बेल वाजवली. दारावरच्या कॅमेऱ्यातून काकूंचा आवाज आला.

"ओळखलं हो तुम्हाला. टोपलीतलं पाणी घ्या. दार मात्र नाही उघडणार."

मी बाटली उचलली.