वैभवच्या मापाची सीट

वैभव रेस ट्रॅकवर नाही गेला. रस्त्यावर गेला.

तिथीने वर्षश्राद्ध मागच्या आठवड्यात झालं. तारखेने आज वर्ष.

तरी लोक विचारतात, "तुमचा तो कारवाला मित्र, रेसमध्येच ना?"

नाही हो. जाफराबादकडे घरी निघाला होता. बाइकवर, हेल्मेट घालून, आपल्या बाजूने. समोरून राँग साइडने टेम्पो आला.

एवढंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आम्ही इंजिनिअरिंगची पोरं कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये स्पर्धेसाठी फॉर्म्युला कार बनवतो. छोटी, एका माणसाची, चारही चाकं बॉडीच्या बाहेर उघडी. वैभव आमचा ड्रायव्हर, वेल्डिंगही त्याचंच. मी सस्पेन्शन बघते आणि वैभवशी भांडते.

भांडायचे.

त्याच्या आईने, काकूंनी, कारचा फोटो पाहिला तेव्हा त्यांना दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

"चाकावर मडगार्ड न्हाई, डोक्यावर टप न्हाई. असली कसली गाडी रे?"

वैभव व्हिडिओ कॉलवर समजावत होता. मी शेजारीच.

"माय, चाकं उघडी असली की गाडी हलकी राहती. वळताना टायर डोळ्यापुढं दिसतं. फक्त चाकाला चाक लागू द्यायचं न्हाई. लागलं की गाडी वर चढती."

झालं! काकू आणखी घाबरल्या. मग स्वारीने वर्कशॉपच्या फरशीवर खडूने ट्रॅक काढला आणि फोन त्याच्यावर धरला.

"हे बघ, ब्रेक वळणाच्या आधी, वळणात न्हाई. चुकलंच तर पुढं मोकळी जागा. त्याच्यापुढं खडी, खडीत चाकं रुततात. मंग टायरची भिंत. ड्रायव्हर चुकणार हे धरूनच ट्रॅक बांधलेला असतो, माय. अन् समोरून कोणी येत न्हाई."

"कोणीच?"

"बिलकुल न्हाई. सगळे एकाच दिशेनं."

"मंग बरंय," काकू म्हणाल्या. "घरी कव्हा येतोस?"

रस्त्याबद्दल कोणी काहीच विचारलं नाही. रस्ता रोजचा होता ना.

आता सीटचं सांगते.

अशा कारची सीट ड्रायव्हरच्या अंगावरच ओततात. कॉकपिटमध्ये मोठी प्लास्टिकची पिशवी ठेवायची, तिच्यात दोन केमिकल मिसळून ओतायची, तोंड बांधायचं आणि ड्रायव्हरने वर बसायचं. आतला फोम फुगतो, पाठीला-कमरेला भिडून कडक होतो. तोवर हलायचं नाही. हसायचंही नाही.

वैभव, आणि हसायचं नाही!

त्यात साहेब मागच्या खिशात कंगवा ठेवून बसले. डोक्यावर हेल्मेट येणार, तरी कंगवा. सीट तयार झाली तर खिशाच्या जागी लांबट खाच. मी भरपूर शिव्या घातल्या.

"राहू दे," म्हणाला, "कंगव्याची बी सोय झाली."

तो गेल्यावर आम्ही कार झाकून ठेवली. यंदा स्पर्धेला न्यायची तर ड्रायव्हर मी. त्याच्या मापाच्या सीटमध्ये मी वळणावर नुसती हिंदकळते. स्टिअरिंग धरू की स्वतःला? म्हणजे माझी सीट ओतायला हवी, आणि त्याआधी त्याची काढायला हवी.

कुणाचाच हात होईना. माझाही. स्पर्धा गेली खड्ड्यात, असं मी सगळ्यांसमोर म्हणाले.

शेवटी काकूंना फोन केला. तुम्ही सांगाल तसं, म्हटलं.

त्या आज सकाळच्या एसटीने आल्या. वर्कशॉपमध्ये पहिल्यांदाच.

कव्हर काढलं. त्यांनी चाकांकडे पाहिलंसुद्धा नाही. वाकल्या आणि सीटच्या खोलगट भागावरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला.

"डावा खांदा खालीच हाये त्याचा. लहानपणापासून तसाच."

मग बोट खाचेत गेलं. "हे काय गं?"

"कंगवा, काकू."

त्या हसल्या. हसता हसता खाली बसल्या. आणि मग जे रडू आलं ते कुणालाच थांबवता आलं नाही. आमची अख्खी टीम तिथे फरशीवर बसून रडली.

बऱ्याच वेळाने त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"काढ, माय. तुझ्या हातानं काढ. फक्त तोडू नको. अन् तू बस त्यात. त्यानं काय झाकून ठेवायला बनवल्ती का गाडी?"

मी काढली. अख्खी निघाली.

स्टँडवर सोडायला गेले. सीट एसटीत वरच्या रॅकवर ठेवायला लागले तर काकूंनी दोन्ही हात पुढे केले.

"दे इकडं. मांडीवर घेते."

घेतली.

"ह्याचं तर काहीच वजन न्हाई गं."

बस निघाली.

वैभव, तुझी माय तुला घेऊन घरी गेली रे.

उद्या आम्ही माझी सीट ओततोय.

सगळ्या टीमकडून तुला रडत रडत निरोप, मित्रा.