आधी डावीकडे, मग उजवीकडे

गल्लीच्या तोंडाशी ज्या मिस्त्रींचं गॅरेज आहे, त्यांना सगळे कानसेन म्हणतात. हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणाला आठवत नाही, पण ठेवणाऱ्याने उगाच ठेवलं नव्हतं. मोटारसायकल अजून गल्लीत वळायची असायची आणि हे आत पाना पुसता पुसता सांगायचे, "चेन सैल आहे, आणि पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलंय." गाडीवाला उतरून तक्रार सांगायला तोंड उघडायचा, ते तसंच उघडं राहायचं. एकाने परीक्षा पाहायची म्हणून धडधाकट गाडी आणली, तर कानसेन जागेवरूनच म्हणाले, "गाडीला काही झालेलं नाही. तुझ्या खिशातल्या किल्ल्या तेवढ्या खुळखुळतायत."

हे सगळं खरं आहे, पण जुनं आहे. गेली दोन वर्षं कानसेनांना नीट ऐकू येत नव्हतं. उजव्या कानात कोणी कापूस कोंबून ठेवल्यासारखं वाटायचं, आणि डावा कान त्याच्याच पावलावर पाऊल टाकत होता. घरात हे फक्त बायकोला माहीत होतं. एकदा ती आतून ओरडली, "अहो, दूध उतू चाललंय!" तर 'चाललंय' एवढंच ऐकून हे शांतपणे म्हणाले, "जाऊ दे की. अंधार पडायच्या आत परत ये म्हणावं." त्या दिवशी ती हसून हसून बेजार झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरकडे चला म्हणून हात धुऊन मागे लागली. कानसेन आज जातो, उद्या जातो करत राहिले. ज्या माणसाची सगळी अब्रू कानावर उभी आहे, त्याने कानात यंत्र घालून दुकानात कसं बसायचं?

गिऱ्हाइकांना त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. "काय होतंय ते आधी तूच सांग," असं ते आता प्रत्येकाला म्हणायचे आणि लोकांना वाटायचं, मिस्त्री वयाबरोबर नम्र झाले. इंजिन चालू असलं की तळहात टाकीवर ठेवायचे. थरथर कळायची, त्यावरून बाकीचं ताडायचे. चाळीस वर्षांचा अनुभव होता, निभावून जात होतं. फक्त एका कामाला ते हात लावत नव्हते. मोटारसायकलचं हँडल बदलून द्या म्हणून कोणी आलं की ते चक्क खोटं बोलायचे, की सामान नाही, वेळ नाही, पुढच्या महिन्यात बघू.

त्याचं कारण असं. मुठीपासून इंजिनापर्यंत रेसची तार जाते. नवं हँडल जुन्यापेक्षा उंच किंवा रुंद असेल, तर जुनी तार आखूड पडते. गाडी सरळ उभी असताना हे मुळीच कळत नाही. हँडल पूर्ण वळवलं की तार ताणली जाते आणि मूठ कोणी पिळली नसतानाही गाडी आपल्या आपण रेस होते. म्हणून हँडल बसवून झालं की इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवायचं, हँडल आधी पूर्ण डावीकडे न्यायचं, मग पूर्ण उजवीकडे, आणि कान देऊन ऐकायचं. आवाज तसूभरही चढता कामा नये. मिनिटभराचं काम आहे. एकोणीस वर्षांपूर्वी एका दुपारी कानसेनांनी ते मिनिट वाचवलं होतं.

गाडी त्यांच्या धाकट्या भावाची होती. उंच हँडलाची तेव्हा फॅशन आली होती आणि धाकटा महिनाभर "दादा, बसव ना" करत होता. दुकानात दुसरी दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती. कानसेनांनी शेवटचा नट आवळला, गाडीच्या सीटवर थाप मारली आणि म्हणाले, "पळ." धाकटा हसत गेला. गल्लीच्या टोकाला डावीकडे वळायचं होतं. तिथे गाडीचा आवाज एकदम चढला, आणि कानसेनांच्या हातातला पाना खाली पडला. वळणावर मूठ कोणी पिळत नाही. तार ताणली गेली होती, गाडी वळायची सोडून सरळ रस्त्यात घुसली होती, आणि समोरून ट्रक येत होता. बाकी लोकांना धडक ऐकू आली तेव्हा ते बाहेर धावले. कानसेनांना त्याच्या आधीच सगळं कळलं होतं.

धाकटा जागीच गेला. बघणारे म्हणाले, काय भरधाव गेला हो, गाडी नुसती किंचाळत होती. पोलिसांनीही तेच कागदावर लिहिलं. कानसेन तिथेच उभे होते. खरं काय ते त्यांनी सांगितलं नाही. दहाव्या दिवशी सांगू, महिन्याने सांगू, असं करता करता ते पोटात घट्ट बसलं. धाकट्याच्या बायकोचं आणि चार वर्षांच्या पोरीचं त्यांनी सगळं केलं. शाळा पाहिली, आजारपणं काढली, घराचं छप्परसुद्धा स्वतः चढून दुरुस्त केलं. भावजय चार लोकांत सांगायची, दादांसारखा दीर देव सगळ्यांना देवो. ते ऐकलं की कानसेन उठून बाहेर जायचे. आणि त्यांच्या देखत ती मुलीला बजावायची, "बापासारखी वाऱ्यावर स्वार होऊन जाऊ नकोस. त्याला घाई नडली." हे वाक्य त्यांनी एकोणीस वर्षांत किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही. ऐकू येईनासं झालं तेव्हा, खरं सांगायचं तर, त्यांना पहिल्यांदा या एका गोष्टीचं बरं वाटलं.

आणि मग तीच पुतणी एका दुपारी गाडी घेऊन दारात उभी राहिली. ती आता तेवीस वर्षांची. रक्ततपासणीच्या एका लॅबमध्ये कामाला होती. सकाळपासून घरोघर जाऊन आजारी माणसांचं रक्त काढून आणायचं, हे तिचं काम. जुन्या बाजारातून गाडी घेतली होती ती शर्यतीच्या थाटाची, हँडलं दोन तुकड्यांची आणि पार खाली वाकलेली. दिवसभर सगळा भार मनगटांवर यायचा.

"काका, परवा एका आजींच्या हातात सुई घातली आणि माझाच हात थरथरला," ती मनगट चोळत म्हणाली. "त्या बिचाऱ्या म्हणतात, असू दे बाळा, नवीन आहेस का? चार वर्षं झाली मला! हे बघा, सरळ हँडल विकत आणलंय. तेवढं बसवून द्या."

कागदात गुंडाळलेलं एक काळं, सपाट, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग हँडल तिने बाकावर ठेवलं. कानसेनांनी ते उचललं आणि पुन्हा ठेवलं. सामान नाही म्हणायची सोय नव्हती, सामान समोर पडलं होतं.

"दुसऱ्या कोणाकडून घे करून," ते म्हणाले.

"आई मला घरात घेणार नाही. काकांशिवाय कोणाला गाडीला हात लावू द्यायचा नाही, असा हुकूम आहे."

दुसऱ्याकडे पाठवावं, हे त्यांच्या मनात खरंच होतं. पण तो दुसरा हँडल दोन्हीकडे फिरवून बघेल याची खात्री कोणी द्यायची? घाईच्या वेळी त्यांनी स्वतः बघितलं नव्हतं, तेही सख्ख्या भावाच्या गाडीला. शेवटी त्यांनी पाने काढले.

काम त्यांनी जिवापाड जपून केलं. जुनी हँडलं उतरवली, वरच्या पट्टीवर नव्या पकडी बसवल्या. स्विचच्या डबीच्या आत एक बारीक खुंटी असते, ती बसायला हँडलला भोक पाडावं लागतं. ते त्यांनी तीनदा मापून, मग पाडलं. हँडल मधोमध आलं की नाही हे दोरीने मोजलं. तिला सीटवर बसवलं आणि मनगट सरळ राहील अशा बेताने ब्रेकची आणि क्लचची लिव्हर जराशी खाली कलवली. ब्रेकची नळी पुरत होती. रेसची तार हाताने ओढून पाहिली, तीही पुरेल असं वाटलं. पुतणी दुकानभर फिरत त्यांना लॅबमधल्या गमती सांगत होती, आणि ते तिच्या ओठांकडे बघून जिथे हसायला हवं असं वाटेल तिथे हसत होते.

"चालू कर," ते म्हणाले.

तिने गाडी चालू केली. इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा आधीच्या मालकाच्या काळापासूनच मेलेला होता, त्याचा उपयोग नव्हता. कानसेनांनी एक हात टाकीवर ठेवला, दुसऱ्याने हँडल धरलं. मान तिरपी केली, डावा कान इंजिनाकडे आणला, डोळे मिटले. हँडल पूर्ण डावीकडे नेलं. कापूस. तळहाताला थरथर होती, पण आजकालच्या गाड्या मऊ चालतात आणि चाळीस वर्षांत तळहाताचं चामडं झालं होतं. हँडल पूर्ण उजवीकडे नेलं. तेही तसंच. त्यांनी डोळे उघडले आणि सीटवर थाप मारली.

"झालं. पळ."

पुतणी हलली नाही. ती त्यांच्याकडे टक लावून बघत होती. तिचे ओठ हलले. त्यांनी "काय?" म्हटलं. ती जवळ येऊन जवळजवळ ओरडली, "काका, डावीकडे नेल्यावर रेस वाढली ना! केवढी वाढली! तुम्हाला ऐकू नाही आलं?"

कानसेनांनी हात लांब करून गाडीची किल्ली फिरवली, ती काढून मुठीत धरली आणि उलट्या डब्यावर बसले. आपण काय करणार होतो ते त्यांना दिसलं. तीच गल्ली, तेच वळण, आणि तोंडातून निघालेला शब्दही तोच. "तार आखूड पडतेय, नीट करतो," एवढं म्हणून उठता आलं असतं. पोरीने त्यावर विश्वास ठेवला असता आणि बाकीचं सगळं होतं तसंच राहिलं असतं.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली."

ती समोर उकिडवी बसली. "अहो, मग सांगायचं ना! त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

"हे लपवण्यासारखं नव्हतंच. लपवलंय ते वेगळंच आहे." त्यांनी किल्ली दोन्ही हातांत धरली होती. "तुझ्या बाबाच्या गाडीला हँडल मी बसवलं होतं. त्याच दुपारी. फिरवून बघितलं नाही. तार आखूड होती. त्या वळणावर गाडी आपोआप रेस झाली. मी इथे उभा राहून ऐकलं."

शेजारच्या दुकानात कोणीतरी पत्रा कापत असावं, कारण पुतणीने एकदा तिकडे पाहिलं. मग तिने त्यांच्याकडे तोंड केलं आणि एकेक शब्द सुटा करून, त्यांना दिसेल असा विचारला.

"म्हणजे बाबा जोरात चालवत नव्हते?"

"नाही ग. तो वळणावर नेहमी हळू घ्यायचा. तू झाल्यापासून तर फारच. आम्ही त्याला म्हातारा म्हणून चिडवायचो."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कानसेनांना वाटलं ती ओरडेल, किंवा उठून निघून जाईल, आणि दोन्हींतलं काहीही तिने केलं असतं तरी त्यांचं म्हणणं काही नव्हतं. पण तिने डोळे पुसले आणि हात पुढे केला.

"किल्ली द्या. तार नीट करा. मी ऐकते."

त्यांनी टाकी उतरवली, तार सोडवली आणि सांगाड्याच्या दुसऱ्या अंगाने घेतली. तिथून तीन बोटं जास्त मिळाली. टाकी परत बसवून गाडी चालू केली. त्यांनी हँडल फिरवायचं आणि तिने इंजिनाशी कान लावून सांगायचं, असं चाललं. पहिल्या खेपेला तिने मान हलवली, अजून थोडी वाढतेय. त्यांनी तारेची एक पकड ढिली केली. दुसऱ्या खेपेला ती कितीतरी वेळ ऐकत राहिली. आधी डावीकडे, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे. शेवटी तिने हात वर केला. आवाज जागचा हलला नव्हता.

कानसेनांनी हात पुसले. ते तिच्या ओठांकडेच बघत होते, डोळ्यांकडे नाही.

"आईला..." त्यांनी सुरुवात केली.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "एकोणीस वर्षं ती बाबांवर रागावून आहे. तो राग कोणावर असायला हवा होता, ते तुम्हीच तिला सांगायचं. आत्ता. बसा मागे."

आवाजात दया नव्हती आणि रागही नव्हता. आजाऱ्याला 'मूठ आवळा' म्हणून सांगताना ती असंच बोलत असावी. कानसेनांनी भर दुपारी शटर ओढलं. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्या चालवून पाहिल्या होत्या, पण कोणाच्या मागे बसायची वेळ आली नव्हती. पाय कुठे ठेवायचे तेही तिने दाखवलं. नव्या हँडलावर तिची मनगटं सरळ होती.

गल्लीचं टोक आलं. तिने गाडी इतकी हळू केली की चालणारा माणूसही पुढे गेला असता. कानसेनांना काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तिने हँडल डावीकडे वळवलं.