टीव्हीतला नवरा

छपाईच्या दुकानात किस्से शाईसारखे साचतात. रॉकेलनं हात धुतले तरी नखात थोडे राहतातच. डहाणूतलं आमचं दुकान नटूभाईंचं. तलासरीचा रमण छापतो, अक्षरं मी बसवते. लग्नपत्रिका, कापडी पिशव्या हे पोटापाण्याचं. पण रमणला वेड टीव्हीचं! चालू टीव्हीचा फोटो काढायचा, ठिपके मोठे करायचे आणि भडक रंगांत छापायचा.

*

विवळवेढ्याच्या जत्रेत ही चित्रं मांडली होती. बातम्या देणारी बाई, तोंड पिवळंधमक, ओठ जांभळे. एक आजोबा बराच वेळ उभे. मग हळूच म्हणाले, "हिला कासाच्या दवाखान्यात नेऊन दाखवा. कावीळ वाटते."

रमणनं ते चित्र उचलून मागे ठेवलं.

*

जयवंती धाकटी डहाणू गावची, मासे विकते. तिच्या नवऱ्याची बोट समुद्रात देशाच्या हद्दीपलीकडे गेली आणि सगळे खलाशी तिकडच्या तुरुंगात अडकले. एकदाच तो बातम्यांत दिसला, रांगेत बसलेला. दिरानं टीव्हीवरून त्याचा फोटो मोबाइलमध्ये धरला. तेवढा घेऊन ती आमच्याकडे आली.

"हा मोठा छापून द्या."

रमण म्हणाला, "वहिनी, फारच अंधुक आहे. लग्नातला आणा ना."

"लग्नातला इथलाच आहे. मला तिथला पाहिजे."

*

रमणनं जीव ओतून छापला आणि फिल्मच उलटी लावली. जयवंतीनं बघताक्षणी सांगितलं, "भांग दुसरीकडे पडलाय."

रमण ओशाळला. लगेच सुलटा छापला आणि पहिला फाडायला घेतला. तिनं त्याचा हात धरला.

"राहू दे. दोघांतला एक तरी घरी येईल."

आम्ही हसलो, तीही हसली.

*

नटूभाई दुपारच्या चहाला सिरियल कधी चुकवायचे नाहीत. हल्ली बातम्या लावून बसतात, कुणा खलाशाला सोडलं का बघत. एकदा जयवंती समोरच रडवेली झाली, तर आपल्या गुजराती-मराठीत म्हणाले, "अरे बेन, सिरियलमध्ये तर मेलेलापण पाछो घरी येते. तुझा तर जिवंत छे ने!"

ती डोळे पुसून म्हणाली, "सिरियलवाल्यांना सांगा मग."

*

परवा ती परत आली, कडेवर पोरगी. नवरा गेला तेव्हा ही पोटात होती.

"ताई, आता माझं चित्र काढा. तसंच, टीव्हीतल्यासारखं. तिकडे ह्यांना कधी टीव्ही लावून देत असतील."

"जयवंती, आपण छापलं म्हणून ते टीव्हीवर येत नाही गं."

"तेवढं कळतं मला. काढा तुम्ही."

रमणनं फोटो काढला.

"आणि खाली बातमीची लाल पट्टी पाहिजे."

"पट्टीत काय लिहू?" मी विचारलं.

तिनं पोरीला खाली ठेवलं. पोरगी शाईच्या डब्यांना धरत धरत रमणपर्यंत गेली.

"लिहा," जयवंती म्हणाली, "पोरगी चालायला लागली."