आधी परडीत बघा

पोत्यात हात घालणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मनगटावर ती हलकेच चापट मारायची. "आधी परडीत बघा, मंग पोत्यात."

तीर्थपुरीच्या बाजारात माझ्या भांड्यांच्या दुकानाला लागून तिचं बियाण्यांचं दुकान होतं. नवरा गेल्यावर तीच ते चालवायची. सगळे तिला मावशी म्हणत. तुमच्या-आमच्या घरी नवरात्रात घट देवघरात बसतो. मावशीचा बसायचा दुकानाच्या दारात. परडीतली माती शेतकऱ्यांनी आपापल्या वावरातून आणलेली आणि तिच्यात पेरलेलं बी मावशीच्या विकायच्या पोत्यांतलं. कुठलं कसं उगवतंय, ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसे.

"आमच्या आईकडं घट बघूनच रब्बीचं बी ठरायचं," ती सांगे. "दुकानाला येगळा कायदा कशाला?"

मला हसू यायचं. धंद्यात कुणी आपलं उणं असं दारात मांडतं का?

नव्वदच्या आसपासची गोष्ट. पाऊस चांगला झाला होता, म्हणून मावशीनं होतं नव्हतं ते हरभऱ्याच्या बियाण्यात घातलं. पाचव्या माळेला परडीत ज्वारी बोटभर वर आली. हरभऱ्याच्या बाजूला काळी माती तशीच होती.

बियाण्याच्या कंपनीचा माणूस येऊन पिशवीवरचा शिक्का दाखवू लागला.

"शिक्का पिशवीला हाय बाबा," मावशी म्हणाली. "उगवायचं बियाला हाय."

मी शेजारधर्म म्हणून हळूच सुचवलं, "मावशी, परडी आत घ्या. न्हाईतर गपचूप दुसरे दाणे टोचा."

"बसलेल्या देवीला उठवून लबाडी करू व्हय?" परडीवर पाणी शिंपडत ती म्हणाली, "आन् उद्या गिऱ्हाइकाच्या वावरात न्हाई उगवलं, तर ते कुठं झाकू?"

मावशीनं विक्री थांबवली, हरभऱ्याच्या पिशव्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ऐन पेरणीत लोक पलीकडच्या दुकानात गेले. देवी कोपली म्हणून काहीजण तिची पायरीही टाळू लागले. पुढे कंपनीनं माल परत नेला, पण हंगाम थोडाच परत येतो? मावशीला दुकानामागची खोली विकावी लागली. मला तिचा फार राग आला होता, आणि खरं सांगतो, तिच्याबद्दल माया वाटू लागली तीही तेव्हापासूनच.

पुढच्या नवरात्रात लोक परत आले, रुमालात माती बांधून.

मावशी गेली त्या वर्षी घटस्थापनेला तिचं शटर बंद होतं. अंकुशनगरकडचा एक म्हातारा माझ्या दारात येऊन उभा राहिला. एका हातात मातीचा रुमाल, दुसऱ्या हातात बियाण्याची पिशवी.

"मावशी न्हाईत, ठावं हाय मला," तो म्हणाला. "बी दुसरीकडून घेतलं. पण बघायचं कुठं?"

मला बियाण्यातलं ओ की ठो कळत नाही. मी फळीवरची नवीकोरी परात काढली, पुसली आणि दारात ठेवली. म्हाताऱ्यानं खाली बसून रुमाल सोडला.