मस्कतचा भाव, दुबईचा भाव

गिरीज गावच्या ऑस्करला काहीही विचारा, तो आधी घसा खाकरणार, मग डावा डोळा बारीक करणार आणि मग म्हणणार, "तसं नाय ते." केळीला यंदा भाव बरा मिळाला ना? तसं नाय ते. गुडघा दुखतो का? तसं नाय ते. फक्त एका विषयावर तो न खाकरता, सलग, हातवारे करून बोलायचा. दोन दारांची, लाल रंगाची, जमिनीला पोट घासत पळणारी नवी स्पोर्ट्स कार मस्कतला केवढ्याला पडते आणि शेजारच्या दुबईत केवढ्याला.

"बघ पांडू," पलीकडच्या वाडीतल्या पांडूला तो ओट्यावर बसवून सांगायचा, "गाडी तीच. कारखाना तोच. मधे एक सीमा, बस. पण दुबईत घेतलीस तर वाचलेल्या पैशात नालासोपाऱ्याला वन रूम किचन!"

"आणि हितं घेतली तर?"

"हितं ड्युटी धरून डबल. हितं नुसती बघायची."

"मग आपला टेम्पो बरा की ऑस्करशेट. त्याला पण दोनच दारं. लाल रंग मी मारतो!"

पांडू हसायचा, ऑस्करही हसायचा. मस्कतला एसी दुरुस्त करण्यात ज्याचा जन्म गेला, त्या माणसाला ही विद्या कुठून आली, ते मात्र पांडूने कधी विचारलं नाही.

ती आली त्याच्या मुलामुळे. जेसन तेव्हा शाळेत होता. तिकडे शुक्रवारी सुट्टी, म्हणून शुक्रवारी घरी फोन. बायकोशी, मटिल्डाशी बोलून झालं की ऑस्कर म्हणायचा, "जेसनला दे." मग जे व्हायचं ते असं:

"शाळा?"

"बरी."

"जेवला?"

"हो."

मग दोन्हीकडे नुसता श्वास. समुद्रापलीकडून बाप घसा खाकरायचा आणि फोन ठेवायचा.

एका शुक्रवारी मात्र पोराने विचारलं, "डॅडी, तिकडे लाल स्पोर्ट्स कार केवढ्याला मिळते?"

ऑस्करला त्या रात्री झोप आली नाही. पुढच्या शुक्रवारी चर्चमधली मिस्सा आटोपली आणि तो चर्चचाच इस्त्रीचा शर्ट घालून, कॉलर ताठ करून शोरूममध्ये शिरला. कामाच्या कपड्यांत गेला असता तर एसी बघायला आला म्हणून थेट मागच्या दाराकडे धाडला असता. पोराला भाव कळला. तर पोराचा पुढचा प्रश्न, "दुबईत पण तेवढ्यालाच?" मग दुबईत टॅक्सी चालवणारा मेव्हणा कामाला लागला. "अरे ऑस्कर, मला आत तरी घेतील का रे!" असं कुरकुरत तोही इस्त्री करून गेला. मग बहारीन झालं, कुवेत झालं. मस्कतचा केरळी सेल्समन तर लांबूनच ओरडायचा, "आओ ऑस्करभाई, आज भी सिर्फ देखने का?" ऑस्कर ऐटीत म्हणायचा, "बेटे को पूछने का है." अशी वर्षं गेली. फोन कधी रिकामा गेला नाही.

गेल्या नाताळाला ऑस्कर कायमचा घरी आला. जेसन आता बोईसरच्या एका कंपनीत नोकरी करतो. एका घरात राहू लागल्यावर बापलेकांचं बोलणं मात्र आटलं. "निघालास?" "हो." "आलास?" "हो." ऑस्करला दुसरं काही नको होतं. फोनवरचा तो पोरगा समोर बसून बोलायला हवा होता, एवढंच.

म्हणून एका रविवारी चहा पिताना त्याने हळूच बेत सांगितला. "जेसन, आज मुंबईला जाऊ. शोरूमला. तुझी लाल गाडी प्रत्यक्ष बघू. बसू पण देतात आत."

"नको, डॅडी."

"अरे, नुसती बघायला काय जातंय? मस्कतला आता नवीन मॉडेल आलंय. दुबईत तर..."

"डॅडी." जेसनने पाव बशीत ठेवला. "मला गाड्यांतलं काही कळत नाही. कधीच कळत नव्हतं."

"पण तू विचारायचास."

जेसनने आईकडे पाहिलं. मटिल्डा स्वयंपाकाच्या ओट्याशी, त्यांच्याकडे पाठ करून उभी होती. तिने वळूनही पाहिलं नाही.

"मम्मी सांगायची. शेजारी उभी राहून. आता दुबईचं विचार, आता कुवेतचं विचार."

"तुम्ही फोनवर खाकरायचात ना," मटिल्डा म्हणाली, "मला ऐकवत नव्हतं. पेपरात त्या गाडीचा फोटो आला होता, म्हटलं, हेच विचार."

ऑस्करने घसा खाकरला. डोळा बारीक केला. पण "तसं नाय ते" काही आलं नाही. तो म्हणाला, "मग तुला काय आवडायचं?"

"ट्रम्पेट. गावच्या बँडमध्ये होतो मी."

"मी कधी बघितलं नाय."

"तुम्हाला रजा पावसाळ्यात मिळायची. पावसात लग्नं कुठे असतात?"

"सांगायचं तरी."

"अभ्यास सोडून बँड म्हणून ओरडाल, वाटलं."

"आता वाजव. मी ऐकतो."

"सुटलं ते, डॅडी. ओठांची सवय जाते." हे तो रागाने म्हणाला नाही. रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. बशी धुऊन तो मित्राकडे निघून गेला.

मटिल्डाने आपला जुना मोबाइल आणला. त्यात एक व्हिडिओ होता, सणाच्या मिरवणुकीचा. पांढऱ्या गणवेशातली पोरं, हलणारं चित्र, फुटका आवाज. कॅमेरा सगळा मागच्या बाजूने, तोंडं कुणाचीच दिसत नव्हती. चार ट्रम्पेट एकदम वाजत होते.

"जेसन कुठला?"

"वाजवतोय तो काय."

ऑस्करने मोबाइल कानाला लावला. पुन्हा लावला. डोळे मिटून, श्वास रोखून ऐकलं. चारांतला आपल्या पोराचा सूर कुठला, ते त्याला ओळखता येईना.