शेफालिकाने न भरलेली बाटली

बंगालमधल्या काटोयाच्या बाजारगल्लीत कुणी कंपाउंडर म्हणून हाक मारली, की शेफालिका सरखेल तिथल्या तिथे सुनवायची, "औषध मी बनवते. डॉक्टरबाबू नुसतं नाव लिहितात!"

खोटं नव्हतं ते. तरफदार डॉक्टरांच्या होमिओपॅथी दवाखान्यात सव्वीस वर्षं तिचाच हात चालत होता. मूळ अर्काचा एक थेंब, नव्व्याण्णव थेंब अल्कोहोल, मग बाटली चामडी बांधणीच्या जाड पुस्तकावर दहादा आपटायची. त्यातला एक थेंब पुन्हा नव्व्याण्णवात. असं तीस वेळा. शेवटी त्यात साखरेच्या बारीक गोळ्या भिजवायच्या. पेशंटला ती दटावायची, "चार गोळ्या, थेट जिभेवर. बोट लावायचं नाही. आधी अर्धा तास पान-तंबाखू बंद!"

दुर्गापूजेच्या आधी मासळीवाली पारुल आपल्या सुनेला, टुंपाला, धरून घेऊन आली. पाच दिवसांचा ताप. डॉक्टरांनी नाडी पाहिली, चिठ्ठी औषधाच्या खिडकीतून शेफालिकाकडे सरकवली. शेफालिकाने टुंपाचं तोंड उघडून पाहिलं. हिरड्यांतून रक्त येत होतं.

तिने चिठ्ठी परत केली. "ही बाटली मी भरणार नाही. डेंग्यू दिसतोय. हिला हॉस्पिटलात न्या."

डॉक्टर ओरडले, "डॉक्टर कोण, तू की मी?"

"तुम्हीच. पण त्या बाटलीत काय उरतं, ते सव्वीस वर्षं मी बघतेय."

"उद्यापासून येऊ नकोस!"

"उद्याचं उद्या बघू. पारुल, ऊठ गं."

पारुल रडकुंडीला आली. "दीदी, डॉक्टरबाबू रागावतील..."

"रागावू देत. रागाने कुणी मरत नाही." शेफालिकाने टोटो रिक्षा थांबवली, टुंपाला आपल्या खांद्यावर टेकवलं आणि सरकारी हॉस्पिटल गाठलं. तपासणीत डेंग्यूच निघाला. सलाइन लागलं. नवव्या दिवशी टुंपा आपल्या पायांनी घरी गेली.

शेफालिका मात्र त्या भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी आपल्या स्टुलावर हजर होती. डॉक्टर दारातच थबकले.

"काढायचं असेल तर पेशंटांसमोर काढा," ती म्हणाली, "आणि का काढलं तेही सांगा."

ते आत गेले. तिने खिडकीवर कागद चिकटवला: 'तीन दिवसांहून जास्त ताप, किंवा रक्त दिसलं, तर आधी हॉस्पिटल.' डॉक्टरांनी तो दोनदा फाडला. तिने तिसऱ्यांदा लावला, तोही आणखी मोठ्या अक्षरात.