कौसाबाईच्या भट्टीवरची दोन पोटं

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात माणूस वर्षानुवर्षं एकाच जागी बसला की माल इकला जातो, पण पाहिलेलं-ऐकलेलं काही इकलं जात न्हाई. ते साचतच जातं. मी दोऱ्या इकायचो. माझ्या बाजूला कौसाबाई फुटाणे-मुरमुरे घेऊन बसायची. विधवा बाई. संगं तिचा धाकटा भाऊ सखाराम, तिशीतला गडी. त्याच्या कानात आवाज यायचे अन् तो त्यांच्याशी बोलत बसायचा. दोघांचं पोट, त्याच्या गोळ्या, दवाखान्याचं एस्टीचं तिकीट, सगळं त्या फुटाण्यावर! मला कोणाचं कौतुक करायची सवय न्हाई. या बाईचं करतो.

*

एक शेटजी तिला म्हणाला, "बाई, हे येडं दुकानावर काहून बसवलं?"

कौसा माप भरता भरता म्हणाली, "तुमाला फुटाणे पाहिजेत का जावई?"

शेटजीनं गुमान दोन मापं नेली!

*

फुकटचा सल्ला द्यायला लोक लई हुशार. एक म्हातारी म्हणाली, "त्याचं लगीन लावून दे. डोकं ठिकाणावर येतं."

"माझ्या नवऱ्याचं झालतं की लगीन, काकू. कुठं आलं?"

*

त्या गोळ्यांनी सखारामला भूक लई लागायची. बसल्या बसल्या मुठी भरभरून माल खायचा. मला राहवलं न्हाई. "कौसे, हा तुझं भांडवल खाऊन राहिला!"

"खाऊ द्या, मामा. तुमच्या दोऱ्या कोणी खात न्हाई, तुमी काय बंगला बांधला?"

पुढचा अख्खा बाजार मी तिच्याशी बोललो न्हाई.

*

एकदा एक गिऱ्हाईक भाव पाडून राहिलं होतं. कमी कर, अजून कमी कर. तेवढ्यात सखाराम आपल्या कानातल्या आवाजावर खेकसला, "न्हाई म्हणलं ना एकदा! नीघ आता!"

गिऱ्हाईकानं घाबरून पुरे पैसे ठेवले अन् सटकलं.

कौसा म्हणाली, "सख्या, तुझ्या त्या मंडळींना दर बाजारी आणत जा बाबा!"

सगळ्यात जास्त सखारामच हसला.

*

हिंगोली जिल्हा नवा नवा झाला तवाची गोष्ट. यांचा थोरला भाऊ विठ्ठल वसमतला राहायचा. सिमेंटचं घर, दारात जीप. गोळ्यांसाठी कधी दमडी दिली न्हाई. तो एका बाजारी आला अन् म्हणाला, "सख्याला एका ठिकाणी नेऊन सोडतो. तिथं बांधून ठेवतात. बरं व्हायची गॅरंटी हाय." अन् मलाच विचारतो, "मामा, मजबूत दोरी दाखवा."

मी म्हणालो, "माझी दोरी जनावरासाठी असते. मान पुढं कर, माप घेतो."

लालबुंद झाला. पण जाता जाता कौसाला म्हणाला, "आज तू हाईस. उद्या तू आडवी झालीस तर याला कोण पोसणार? पुढच्या बाजारी जीप घेऊन येतो. तवा जबाब दे."

सगळ्या बाजाराला जबाब देणारी बाई. त्या दिवशी ऊन डोक्यावर असतानाच तिनं पसारा आवरला.

*

पुढच्या बाजारी कौसाची जागा रिकामी. म्हणलं, संपलं. तेवढ्यात सखाराम आला, एकटाच, डोक्यावर पोतं.

"आक्का तापानं फणफणली हाय, मामा. तिच्या पोटापाण्याचं बघाया पाहिजे ना."

भट्टी त्यानंच लावलती. फुटाणे जरा करपले होते. पण माप असं शिगोशीग भरत होता की बायांची ही गर्दी!

त्या गर्दीत जीप येऊन थांबली. पांढरा शर्ट घातलेला विठ्ठल त्याच्यापुढं उभा राहिला. "कौसा कुठंय? अन् तू ऊठ, चल!"

सखारामनं मान वर केली न्हाई. एका मावशीची पिशवी त्याच्या हातात दिली. "भाऊ, आधी पिशवीचं तोंड धर. गिऱ्हाईक खोळंबलंय."

अन् धरली की त्यानं! पण त्याला कुठली सवय? अर्धे फुटाणे पिशवीत, अर्धे मातीत.

मावशी तापली. "कोण रे हा? याला साधी पिशवी बी धरता येईना!"

सखाराम दुसरं माप भरत म्हणाला, "आमचा थोरला हाय, मावशी. त्याला काही जमत न्हाई. पण घरचाच हाय, सांभाळून घ्यावं लागतं."